डिफरन्शियलचे तेल तपासताना: आधी वरचा प्लग

पहिल्या पिढीची, १.८ लिटर इंजिनाची माझदा एमएक्स-५ मी इंग्लंडमध्ये वापरतो. या गाडीची ताकद मागच्या चाकांना जाते आणि ती पोहोचवणाऱ्या डिफरन्शियलमध्ये तेल असते जेमतेम एक लिटर, १.६ लिटर इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत तर सुमारे ०.६५ लिटरच. एवढ्या थोड्या तेलातून पेलाभर जरी गळून गेले, तरी क्राउन आणि पिनियन या आतल्या दातेरी चाकांच्या दातांवर त्याचा परिणाम होतो, आणि डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, नसल्यामुळे ते बाहेरून कळत नाही.

तपासणीचा एक नियम मी कधीही मोडत नाही: तेल भरण्याचा वरचा प्लग मोकळा झाल्याशिवाय तेल सोडण्याच्या खालच्या प्लगला पाना लावायचा नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे हे प्लग गंजून घट्ट बसतात. खालून तेल सोडून दिले आणि वरचा प्लग हललाच नाही, तर गाडी आहे तिथेच अडकून पडते. म्हणून आदल्या दिवशी प्लगच्या कडेचा गंज तारेच्या ब्रशने काढून गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आणि षटकोनी डोक्यावर नीट बसणारा सहा कोनांचा सॉकेटच वापरावा.

गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीवर, स्टँडवर उभी असली पाहिजे. नुसती मागची बाजू उचलली तर तेल एकीकडे सरकते आणि पातळी चुकीची दिसते. वरचा प्लग काढून करंगळी आत वाकवावी. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागत असेल, तर ते पुरेसे आहे. कमी असल्यास ७५डब्ल्यू-९० दाटपणाचे, जीएल-५ दर्जाचे गिअर ऑइल नळी लावलेल्या हातपंपाने भरावे, कारण बाटली उपडी करण्याइतकी जागा तिथे नसते. तेल भोकातून बाहेर येऊ लागले की थांबावे, ठिबकणे बंद होऊ द्यावे आणि नवा वॉशर घालून प्लग बसवावा.

जीएल-५चा आग्रह उगाच नाही. क्राउन-पिनियनच्या हायपॉइड (एकमेकांना न छेदणाऱ्या अक्षांच्या) गिअरचे दात एकमेकांवर फिरतानाच जोराने घासले जातात, आणि त्या दाबाखाली पृष्ठभाग वाचवतात ती या तेलातली गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये. उग्र वासही गंधकाचाच. एक चाक घसरले तरी दुसऱ्याला ताकद देणाऱ्या डिफरन्शियलपैकी, दातेरी चाकांवर चालणाऱ्या टॉर्सन प्रकाराला घर्षण कमी करणारे वेगळे द्रव्य लागत नाही, क्लचच्या चकत्या असलेल्या प्रकाराला मात्र लागते.

तेल बदलायचेच असेल, तर खालच्या प्लगवरचे चुंबक नीट पाहावे. त्यावर राखाडी, मऊ लेप असणे स्वाभाविक आहे. बोटाला टोचणारे तुकडे सापडले, तर डिफरन्शियल उघडावेच लागेल. आणि पातळी पुन्हा पुन्हा खाली जात असेल, तर तेल भरत राहण्यापेक्षा पिनियनचे आणि दोन्ही ॲक्सलचे सील तपासावेत, पण त्याआधी ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी वाट, साफ करावा, कारण तो तुंबला की आतला दाब वाढून चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर येते.