बसायला जागा कुठे आहे?

आईची पाण्याची बाटली भरलेलीच होती. ताम्हिणी घाट उतरून माणगावला चहाला थांबलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळी साडेसहाला कोथरूडहून निघालो होतो, आता साडेनऊ वाजत आले होते, आणि मी स्वतः भरून दिलेली बाटली गळ्यापर्यंत जशीच्या तशी. “आई, पाणी का नाही प्यायलीस?” तर म्हणे, “तहानच नाही लागली गं.” मधुमेह असलेल्या बाईला तीन तास तहान लागत नाही? मी तिच्याकडे बघतच राहिले, तशी हळूच म्हणाली, “वाटेत कुठे जायचं? उगाच माझ्यासाठी गाडी थांबवायची सगळ्यांनी.”

किती वर्षं ही असा प्रवास करत असेल, या विचाराने माझा चहा गार झाला.

ही दिवेआगरची फेरी म्हणजे आमची तालीम होती. खरी सहल फेब्रुवारीत आहे, अंदमानची. बाबा ७६, आई ७१. आईचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय, डावा अजून तिचा तिचा आहे पण जिना उतरताना कुरकुरतो. बाबांना रक्तदाबाची गोळी सोडली तर काही नाही, पण हल्ली ते रिक्षातून उतरताना क्षणभर थांबतात. विमान, बोट, अनोळखी गाव, सगळं एकदम यांच्या अंगावर घालायच्या आधी तीन दिवस कोकणात जाऊन बघू, कशाचा त्रास होतो ते कळेल, असं मी ठरवलं. आईवडिलांना घेऊन लांब निघणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगेन. आधी जवळ कुठेतरी घेऊन जा आणि नुसतं बघत राहा. विचारून काही कळत नाही. विचारलं की उत्तर एकच, “आम्हाला काय, कसंही चालतं.”

दिवेआगर त्या दृष्टीने फार बरं निघालं. चार-पाच किलोमीटरचा सपाट किनारा आणि ओहोटीच्या वेळी वाळू इतकी घट्ट, की आईची काठी रुतली नाही. सुपारीच्या वाडीत मुक्काम, समोर ओटा, जेवायला उकडीचे मोदक. पहिल्या संध्याकाळी ती न सांगता अर्धा तास चालली.

दुसऱ्या दिवशी दिघीहून जंगल जेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीत, गाडी घातली आणि खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. गाडीतून उतरायचीसुद्धा गरज नव्हती, आई काचेतून लाटा बघत होती. तिथून राजपुरी. बाबांना जंजिरा बघायचा होता. धक्क्यावर शिडाची होडी लागलेली, लाटेबरोबर वीतभर वर येत होती, वीतभर खाली जात होती. लोक ती वर येण्याची वेळ साधून पाय टाकत होते. आई पुढे गेली. डावा पाय उचलला आणि परत ठेवला. पुन्हा उचलला. होडीवाल्याने हात पुढे केला, तिनेही केला, पण बोटं त्याच्या बोटांना लागली तेवढ्यात होडी खाली गेली. ती मागे सरली आणि म्हणाली, “तुम्ही जा. मी इथेच बसते.”

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. सिंहगडावर शेवटच्या पायऱ्यांशी, जेजुरीला, कुठे कुठे. दर वेळी आम्ही पुढे गेलो, आणि ती कुठे बसली होती हे मला एकदाही आठवत नाही. दगडावर, कठड्यावर, उन्हात, बसली असेल कुठेतरी.

या वेळी बाबांना पुढे पाठवलं आणि मी तिच्याजवळ थांबले. शहाळीवाल्या दादांनी प्लास्टिकची खुर्ची आणून सावलीत ठेवली. शेजारी एक कोळीण मावशी जाळं दुरुस्त करत होत्या. दीड तासाने बाबा परतले तोवर आईला मावशींची दोन बाळंतपणं, थोरल्याची नोकरी आणि जाळ्याची गाठ कशी मारतात, एवढं सगळं ठाऊक झालं होतं. पुण्याला परतताना गाडीत बाबांपेक्षा तीच जास्त बोलत होती.

घरी येऊन मी अंदमानचा सगळा बेत पुन्हा मांडला. आधीच्या कागदावर “काय बघायचं” हा रकाना होता. आता प्रत्येक ठिकाणासमोर दुसरा रकाना केला: बसायला जागा कुठे आहे, सावली आहे का, आणि बाथरूम किती पावलांवर आहे. या तिन्हींचं उत्तर मिळालं नाही तर ते ठिकाण खोडायचं.

सगळ्यात आधी बाराटांग खोडलं. चुनखडीच्या गुहा आणि मातीचे ज्वालामुखी सुंदरच असतील, पण पोर्ट ब्लेअरहून मध्यरात्र उलटल्यावर उठून निघायचं, जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ठरल्या वेळेच्या ताफ्याबरोबर थांबे न घेता जायचं, पुढे स्पीडबोट, पुढे चालणं. माझ्या डोळ्यांसमोर ती भरलेली बाटली आली. शिवाय जारवांचं जंगल हा पर्यटकांनी काचेतून बघायचा देखावा नाही, असं मला मनापासून वाटतं. त्या रस्त्याला आम्ही नसलो तर बरंच आहे.

नील बेट, म्हणजे आताचं शहीद द्वीप, सोडताना मात्र जीव हळहळला. छोटंसं, शांत, शेतीवाडीचं बेट. पण प्रत्येक बेट म्हणजे दोन धक्के, दोनदा सामान, दोनदा रांग. दादाने नाशिकहून फोनवर पुष्कळ समजावलं, “एवढ्या लांब जाताय तर तिन्ही बेटं उरका.” तो प्रेमानेच म्हणतो, मला माहीत आहे. पण उरकायला आम्ही चाललेलोच नाही. एकच बेट, तिथे सलग तीन रात्री. हॅवलॉक. २०१८ मध्ये त्याचं नाव स्वराज द्वीप झालं, तसं पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. शोधताना जुनी-नवी दोन्ही नावं टाकावी लागतात, नाहीतर अर्धी माहिती निसटते.

हॅवलॉक निवडलं ते राधानगर किनाऱ्यासाठी. लांबलचक, मऊ, हळूहळू उतरत जाणारी वाळू आणि तिच्या काठालाच उंच झाडांची गर्द रांग. म्हणजे आई झाडाखाली बसून समुद्र बघू शकेल आणि आम्ही तिच्या नजरेच्या टप्प्यात असू. बेटावर हॉटेलही तळमजल्यावरच्या खोलीचं घेतलं. फोन करून विचारलं, दारात किती पायऱ्या आहेत. दोन. बाथरूममध्ये धरायला दांडा आहे का? नाही. मग एक पकड देणारी रबरी चटई आम्हीच नेणार.

महिना ठरवायला वेळ लागला. डिसेंबरात दादाच्या मुलांना सुट्टी असते, पण बंगालच्या उपसागरात नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत वादळांची टांगती तलवार असते आणि हवा बिघडली की बेटांमधल्या बोटी बंद होतात. जानेवारी संपता संपता समुद्र निवांत होतो. तरीही परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरला दोन रात्री हाताशी ठेवल्यात. बोट एक दिवस सुटली नाही तरी धावपळ नको.

पुण्याहून चेन्नई आणि तिथून पोर्ट ब्लेअर. पहाटेची जोडविमानं स्वस्त दिसत होती, ती घेतली नाहीत. चेन्नईला एक रात्र झोपून सकाळी पुढे. व्हीलचेअरची मदत विमान कंपनीकडे तिकीट काढतानाच मागितली. आई लगेच हो म्हणाली. बाबा म्हणाले, “मी काय आजारी आहे?” त्यांना मी आग्रह केला नाही. ते आईच्या खुर्चीच्या बाजूने चालतील, दमले तर थांबतील. आईच्या गुडघ्यातला धातू सुरक्षा तपासणीत वाजणार, म्हणून शस्त्रक्रियेचा कागद हातातल्या पिशवीत. औषधंही सगळी हातातल्या पिशवीतच, जाण्याचे दिवस अधिक पाच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. बोटीसाठी डॉक्टरांनी मळमळीची गोळी दिलीय, आणि आईने स्वतःहून आलेपाकाची वडी डब्यात भरायची ठरवलीय. घाटात तिचा त्याच्यावर जास्त विश्वास आहे.

एक गोष्ट मात्र बाबांनी शोधली. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. चेन्नईहून अंदमानला समुद्राखालून सुमारे २,३०० किलोमीटरची केबल टाकलीय, २०२० च्या ऑगस्टमध्ये ती सुरू झाली आणि तिचा एक फाटा हॅवलॉकलाही जातो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. तेच कागद-पेन्सिल घेऊन बसले आणि म्हणाले, “पुणे साधारण ७४ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ९३ वर. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे सूर्य तिथे सव्वा तास आधी.” घड्याळ तेच भारताचं, पण फेब्रुवारीत तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. मी दुपारी चारला किनाऱ्यावर निघायचं लिहिलं होतं. जेमतेम तास-दीड तास मिळाला असता. आता सगळा दिवसच अलीकडे ओढलाय. सकाळी साडेसहाला बाहेर, अकरा ते तीन खोलीत आडवं व्हायचं, साडेतीनला वाळूवर, सातला जेवण.

आईने यातून तिचा हिशेब काढला. आमच्या मुक्कामात संकष्टी येतेय. “म्हणजे चंद्रही लवकर उगवेल का हो तिथे?” बाबा म्हणाले, उगवेल की, तास-सव्वा तास आधी. तिचा चेहरा असा खुलला! मधुमेहामुळे तिने रात्री उशिरापर्यंत उपाशी राहू नये म्हणून मी कधीची मागे लागलेय. अंदमानचा चंद्र माझ्या मदतीला आला.

राजपुरीच्या होडीवाल्याकडून बाबा भरतीचं गणितही शिकून आलेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. हे आपल्या कोकण किनाऱ्याचं गणित. बंगालच्या उपसागराचं वेगळं असणार, ते तिथे जाऊन वहीत लिहिणार आहेत.

आणि सेल्युलर जेल. खरं तर सगळी सहल तिथूनच सुरू झाली. सावरकर फर्ग्युसनमध्ये शिकत असताना वसतिगृहाच्या ज्या खोलीत राहिले, ती अजून जपलेली आहे. बाबांनी ती तरुणपणी पाहिली होती, नंतर मला बोट धरून नेऊन दाखवली. “एक खोली पाहिली, दुसरी राहिली,” हे त्यांचं वाक्य मी किती वर्षं ऐकतेय. १९११ ते १९२१, दहा वर्षं सावरकर त्या तुरुंगात होते. थोरले बंधू बाबारावही तिथेच. १९०६ मध्ये बांधून पुरा झालेल्या या तुरुंगाला चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आता तीन उरल्यात. ती कोठडी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. जिना आहे, आणि आईला तो झेपणार नाही.

म्हणून तिथलंही आधीच ठरवलं. बाबा आणि मी सकाळी ऊन चढायच्या आत वर जाणार. आई खाली अंगणात बसणार आणि तिथल्या मधल्या मनोऱ्याकडे बघणार. संध्याकाळी ध्वनिप्रकाशाच्या खेळाला तिघंही. त्यात अंगणातला पिंपळ कैद्यांची कथा सांगतो, आणि ती सगळ्यांनी बसूनच ऐकायची असते. लागून गोविंद वल्लभ पंत रुग्णालय आहे, तो पत्ता मी तिघांच्याही फोनमध्ये घालून ठेवलाय.

रॉस बेटाचं अजून नक्की नाही. तिथे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत, वडाच्या मुळांनी गिळलेल्या इंग्रजांच्या इमारती आहेत, हरणं आणि मोर आहेत. आईला हरणं बघायचीत. पण जायला छोटी बोट, म्हणजे पुन्हा तोच एक पाय.

फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यावर उपाय सांगितला. बोटं धरायची नाहीत, समोरच्याने आपलं मनगट धरायचं आणि आपण त्याचं, म्हणजे घसरत नाही. आणि पायरी चढताना आधी चांगला पाय, मग दुखरा. गेले तीन आठवडे संध्याकाळी सहाला आमच्या इमारतीच्या खालच्या पायरीवर हे चालू आहे. बाबा वरच्या पायरीवर उभे राहतात, हात पुढे करतात. आई मनगट धरते. काल मी वरून गॅलरीतून बघत होते. बाबा हात मुद्दाम वर-खाली करत होते, होडीसारखा, आणि ती म्हणत होती, “थांबा, आत्ता नाही. वर येऊ द्या. हं, आता.”