बिनहाताच्या

"ताई, ह्या सगळ्या बिनहाताच्या कशा?"

कामाला लागल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी फडकं हातात धरून विचारलं. समोरच्या मांडणीवर एकतीस लाकडी बाहुल्या. प्रत्येकीला गरगरीत डोकं, खाली दंडुक्यासारखं अंग आणि चेहरा म्हणून ब्रशाचे सात-आठ फटकारे. हात नाहीत, पाय नाहीत. मी सरसावून सांगायला लागले की ह्या जपानच्या, ह्यांना कोकेशी म्हणतात, तिकडे उत्तरेला तोहोकु म्हणून थंडगार डोंगराळ मुलूख आहे... तेवढ्यात मावशींनी एक उचलून वरपासून खालपर्यंत पुसून जागेवर ठेवलीसुद्धा.

"पुसायला बरंय. कोपरेच नाहीत."

दोनशे वर्षांच्या परंपरेवर इतकं नेमकं भाष्य मी कुठल्याही संग्रहालयातल्या पाटीवर वाचलेलं नाही. कारण खरं उत्तर त्याच्याच आसपास आहे. ह्या बाहुल्या कातीव कामाच्या. लेथवर लाकूड फिरतं, कारागीर त्याला पटाशी लावतो आणि जे गोल निघेल ते निघतं. लाटणं निघतं, पाळण्याचे खूर निघतात, भोवरा निघतो. हात कसे निघणार? हाताला कोपर असतं.

तोहोकुतले हे कातारी, म्हणजे तिकडचे किजिया, मुळात डोंगरात राहून वाडगे नि तबकं करणारे. डोंगरउतारावर गरम पाण्याची कुंडं आहेत. सुगी संपली की शेतकरी बायकापोरांसकट, तांदूळ-मीठ बांधून, दुखरे गुडघे आणि वाकलेल्या पाठी घेऊन तिथे आठवडा-आठवडा मुक्कामाला येत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास कातारी खाली ह्या कुंडांच्या गावांत उतरले आणि उरल्यासुरल्या लाकडातून पोरांसाठी भोवरे, बाहुल्या करायला लागले. गुडघे शेकून झाले की घरी जाताना पोरीला एक बाहुली. आपल्याकडे जत्रेहून परतताना पिपाणी आणतात, तसंच. बाहुल्यांवर लाल रंग ढळढळीत, कारण लाल रंगाने रोगराई लांब राहते अशी समजूत, त्यातही देवीचा रोग. जवळच्याच आयझु भागात ह्याच समजुतीतून लाल कागदी गाय झाली. तिची मान डुगडुगते. ती माझ्याकडे एकच आहे आणि तिच्याशी मावशींचं फार जमतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं सेंदाईला, म्हणजे तोहोकुतल्याच मोठ्या शहरात होतो. पहिली बाहुली मी हौसेने घेतली असं म्हणता येणार नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानात पावसासाठी थांबले होते. दाराजवळ एका खोक्यात वीसेक कोकेशी आडव्या पडलेल्या, सुरण-रताळी पडावीत तशा. कोणीतरी म्हातारं माणूस गेलं असणार आणि मुलांनी घर रिकामं केलं असणार. तिथल्या दुकानांतून असे खोके मी नंतर पुष्कळ पाहिले. त्यातली एक उचलली, उलटी केली. तळाला काळ्या शाईत दोन ओळी. मोबाइल वरून धरला तर कळलं की एक ओळ करणाऱ्याचं नाव आणि पुढे त्याचं वय, 72. दुसरी ओळ वेगळ्या हस्ताक्षरात, पेनाने : शोवा 46, मे महिना. जपानी कालगणनेतलं वर्ष ते, म्हणजे 1971. विकत घेणाऱ्याने घरी गेल्यावर लिहिलेलं.

मी तिथेच फसले. बाहुली गोड होती म्हणून नव्हे. खरं तर ती जराशी रागीटच दिसते. पण बहात्तर वर्षांच्या एका माणसाने आपलं वय असं तळाशी नोंदवून ठेवावं, हे मला फार आवडलं. पुढे कळलं की अनेक कारागीर तसं लिहितात. त्यामुळे जमवणाऱ्यांना एक वेगळाच नाद लागतो. माझ्याकडे एकाच कारागिराच्या दोन आहेत, एक चौपन्नाव्या वर्षीची, दुसरी एक्याऐंशीच्या. नमुना तोच, फुलं तीच, पण दुसरीच्या भुवयांची रेघ शेवटाकडे थोडी थरथरलीय. दोन्हीतली उजवी कुठली म्हणाल तर मला दुसरी. थरथरीमुळे ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखी वाटते.

ह्या बाहुल्यांची घराणी असतात. मी मुद्दाम घराणी म्हणते, कारण दुसरा शब्द बसतच नाही. साधारण अकरा मानतात, मोजणाऱ्यागणिक एखादं कमी-जास्त. नारुको, तोगात्ता, त्सुचियु, याजिरो, सकुनामी, त्सुगारु, अशी बहुतेक गावांची आणि मुलखांची नावं. गुरूकडे राहायचं, लाकूड वाळवायला रचण्यापासून शिकायचं, लेथची हत्यारं स्वतः ठोकून घडवायची आणि मग गुरूचा, गुरूच्या गुरूचा नमुना गिरवायचा. त्सुचियुच्या बाहुलीच्या टाळूवर गोलात गोल अशी काळी वर्तुळं असतात, तोगात्ताचीचं डोकं मोठं आणि त्यावर लाल पाकळ्यांचा पिसारा, याजिरोचीच्या डोक्यावर रंगीत टोपीसारखे पट्टे. जाणकार माणूस दुरून बघून सांगतो, जसं आपल्याकडे एखादे काका आलाप सुरू होताच 'किराणा' म्हणून मोकळे होतात. आणि त्या काकांइतकेच हेही जाणकार असह्य असतात. मीही त्यांतलीच होत चालले होते, हे नवऱ्याने मला वेळोवेळी सांगितलंय.

नारुकोला मात्र जायलाच हवं. सेंदाईहून बुलेट ट्रेनने फुरुकावा आणि तिथून दोन डब्यांची छोटी गाडी, भातखाचरांमधून. स्टेशनात उतरलं की गंधकाचा वास, फोडलेल्या उकडलेल्या अंड्यासारखा. नाक पाच मिनिटांत सरावतं. गावात जिकडे बघाल तिकडे कोकेशी. एका अरुंद दुकानाच्या काचेमागे कारागीर काम करत होते, मी बाहेर उभी. त्यांनी आत यायची खूण केली. माझं जपानी भाजीबाजारापुरतं, त्यामुळे आम्ही दोघं बहुतेक हातांनीच बोललो.

लाकूड मिझुकीचं, पांढरं आणि मऊसूत. झाड तोडून, साल काढून महिनोन्‌महिने वाळत ठेवायचं. अंग वेगळं कातायचं, डोकं वेगळं. डोक्याला खाली खुंटीसारखी मान, अंगाला वर भोक. आणि मग जे झालं ते मी दहा वेळा बघितलं असतं. त्यांनी अंग लेथवर गरगर फिरत ठेवलं आणि हातातलं डोकं त्या फिरत्या भोकावर दाबलं. घर्षणाने लाकूड तापलं, किंचित जळकट वास आला आणि खट्‌ करून मान आत बसली. भोकापेक्षा मानेचा शेवट जाड, त्यामुळे आता ती निघायची नाही, पण फिरते. त्यांनी डोकं वळवून माझ्या कानाशी धरलं. कुईं!

रडकं पोर रडून रडून शेवटी जेवढं रडतं ना, तेवढाच आवाज. नारुकोची खूणच ती. बाकीच्या बऱ्याच घराण्यांच्या मुली मुक्या. त्सुगारुच्या तर डोकं-धड मिळून एकाच ठोकळ्यातून काततात, त्यांचा वळण्याचा प्रश्नच नाही.

"लहान मुलांसाठी?" मी विचारलं.

ते हसले आणि त्यांनी मान हलवली, नाही अशी. मग बोटाने माझ्याकडे दाखवलं.

हे मला तेव्हा गमतीचं वाटलं, घरी आल्यावर जरा बोचलं. बाहुली पोरांची होती. नाम्बु भागातली तर बाळांच्या तोंडात द्यायची, ना रंग, ना चेहरा, नुसतं डुगडुगतं डोकं आणि चोखायला लाकूड. पुढे पत्र्याची, सेल्युलॉइडची खेळणी आली आणि पोरांनी कोकेशी टाकली. ती तिथेच संपायची. पण 1920 च्या दशकात शहरातल्या काही मोठ्या माणसांना तिचा नाद लागला. 1928 मध्ये सेंदाईत तिच्यावर पुस्तक निघालं, मग मंडळं निघाली, गाडीने डोंगरात जाऊन कारागिरांना हुडकणं सुरू झालं. तळाला सही करायची पद्धतही ह्या जमवणाऱ्यांमुळेच रुळली. पोरीसाठी बाहुली घेताना शेतकरी कशाला सही मागेल? जमवणाऱ्यांनी कोकेशी वाचवली हे खरंच. पण त्या वाचवण्यात तिला मांडणीवर उभं केलं आणि तिच्यापासून पोरांना लांब ठेवलं. खूप जुन्या, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कोकेशी फार दुर्मिळ आहेत, कारण त्यांच्याशी खेळून झालं. ज्या आवडल्या त्या झिजल्या.

आमच्या घरची ठकीही अशीच. लाकडाची, लाल रंगवलेली, आईची आणि मग माझी. तिला मी आंघोळ घातली, तिने खिळे ठोकले, तिच्यावर भातुकलीच्या पोळ्या लाटल्या. रंग गेला, नाक गेलं, शेवटी एका पावसाळ्यात आजीने तिला बंबात घातलं. मला आठवतंय, मी फारशी रडलेही नव्हते. आज तीच ठकी कुणी दहा हजारांना दिली तर घेईन आणि काचेत ठेवीन.

पाहुण्यांना ह्यातलं काही ऐकायचं नसतं. त्यांना भुताटकीचं ऐकायचं असतं. एक तरी जण इंटरनेटवर वाचून आलेला असतोच : को म्हणजे मूल, केशी म्हणजे पुसून टाकणं, दुष्काळात मारलेल्या मुलींच्या आठवणीत ह्या बाहुल्या करायचे, म्हणून तर हात नाहीत! सांगताना आवाज खाली जातो, चहा थंड होतो. मला मग विरजण घालावं लागतं. ह्या कहाणीला जुना कागद नाही, ती महायुद्धानंतरची आहे. आणि 'कोकेशी' हे एकच नाव सगळीकडे ठरलं तेच मुळी 1940 मध्ये, नारुकोच्या एका बैठकीत. त्याआधी गावोगावी देको, किदेको, किबोक्को, असली लाडाची नावं होती. एवढं सांगितलं की पाहुण्यांचा चेहरा पडतो. हल्ली कुणी फार रंगात आलं असेल तर मी गप्प बसते.

तसं भ्यायचंच असेल तर भूकंप पुरेसा आहे. 13 फेब्रुवारी 2021, रात्रीचे अकरा वाजून गेलेले. आधी मोबाइल किंचाळला, मग घर हललं, हलतच राहिलं. नवऱ्याने टेबलाखाली ओढलं. तिथून मी मांडणीकडे बघत होते. कोकेशी म्हणजे वर जड, खाली पाय नाहीत. पहिल्या झटक्यालाच सगळ्या आडव्या, आणि मग तक्तपोशीवर पडून खोलीभर इकडून तिकडे गडगडत सुटल्या. दिवे गेलेले. त्या अंधारात लाकडाचा तो गडगडाट आणि मधूनच एखादीचं डोकं कशाला तरी घासून वळत होतं : कुईं. मोडली एकही नाही. तोहोकुत आता अशी कोकेशी मिळते की तिच्या पोटात दिवा असतो. ती पडली की तो लागतो आणि उचलून तिचीच बॅटरी करायची. भूकंप सोसलेल्या लोकांनाच सुचावं असं. मी ती घेतली नाही. जमवणारीचा गर्व : पोटात बॅटरी म्हणजे काय कोकेशी! दुसऱ्या दिवशी पलंगाखाली मोबाइलच्या उजेडात बाहुल्या शोधताना तो गर्व थोडा उतरला होता.

परत येताना सगळ्या मोज्यांत आणि पंचांत गुंडाळून आणल्या. पुण्याच्या घरात त्यांना खिडकीपासून लांब जागा दिली, कारण उन्हाने रंग उडतात, जांभळा आणि हिरवा आधी. आणि मग नियम केला : हात लावायचा नाही. भाच्याच्या मुलीला, वय वर्षं चार, मी तीनदा ओरडले. चौथ्यांदा ती मांडणीपुढे हात पाठीमागे बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मी पण बिनहाताची." तिला एक काढून देणं भाग पडलं. तिने तिला ओढणीत गुंडाळून झोपवली. टाळूला एक पोचा आलाय.

मावशींना हात लावू नका म्हणण्यात अर्थच नव्हता, पुसणार कशा? त्या रोज पुसतात. आतल्या खोलीत मी काम करत असते आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास बाहेरून ऐकू येतं : कुईं. मग थोडी शांतता. मग पुन्हा एकदा, जरा लांबवून. पुसताना डोकं चुकून वळतं, हे पहिल्या आठवड्यापुरतं पटलं. मी कधी उठून बाहेर गेले नाही.

यंदा एप्रिलमध्ये आवाज बंद झाला. मला वाटलं मावशींना कंटाळा आला. एकटी असताना मी स्वतःच नारुकोवालीचं डोकं फिरवून पाहिलं तर ते गुळगुळीत फिरलं, नुसतंच. कोरड्या हवेने लाकूड आकसलं असावं; डोंगरातल्या दमट गावातली मुलगी, पुण्याच्या उन्हाळ्यात तिचा घसा बसला. मी काही बोलले नाही, मावशीही बोलल्या नाहीत, मात्र ती एकटी त्या दोनदोनदा पुसताना मला दिसल्या.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस लागला. चार दिवस धुणं वाळेना. पाचव्या दिवशी मी आत फोनवर बोलत असताना मावशी फडक्यासकट दारात आल्या, मी फोन ठेवेपर्यंतही थांबल्या नाहीत.

"ताई, तिला कंठ फुटला हो परत!"