तुम्ही विचारलंत म्हणून: 'पोरा' की 'सखे'

सोळाव्या शतकातल्या इंग्रज कवी बार्नफिल्डबद्दल काहीही बोललो की कुणीतरी विचारतंच, "अहो पण त्याच्या कविता म्हणजे रोमन कवी व्हर्जिलची नक्कल ना, तेव्हा मैत्रीबद्दल असंच लिहायचे, तुम्ही उगाच आजचं त्यात का घुसवता?"

नक्कल आहेच. रिचर्ड बार्नफिल्ड स्वतःच तसं म्हणाला. १५९४च्या पुस्तकात त्याचा मेंढपाळ डॅफ्निस गॅनिमीड नावाच्या पोरासाठी झुरतो, लोकांनी भलताच अर्थ काढला म्हणून १५९५च्या पुस्तकात त्याने खुलासा छापला की हे व्हर्जिलच्या दुसऱ्या एक्लॉगचं, म्हणजे मेंढपाळांवरच्या लॅटिन कवितेचं, अनुकरण आहे, बाकी काही नाही. आणि त्याच पुस्तकात परत गॅनिमीडवर वीस सुनीतं! ज्याला विषय मिटवायचाय त्याने असं केलं असतं का? व्हर्जिलच्या दहा एक्लॉग्ज, त्यातली नेमकी अलेक्सिस नावाच्या पोरासाठी जळणाऱ्या मेंढपाळ कोरिडॉनचीच का उचलली? इंग्लंडात १५३३च्या कायद्याने पुरुषांमधल्या ज्या संबंधांना फाशी होती, त्यांबद्दल लॅटिनच्या आडून बोलता येत होतं. आडोसा होता म्हणजे मागे कुणी नव्हतं असं कसं म्हणता?

मला एवढा राग का येतो तेही सांगतो. एम.ए.ला असताना अनुवादवाचनाचा कार्यक्रम होता, मी शेक्सपिअरचं १०८वं सुनीत मराठीत केलं होतं, एका मित्राबरोबर, महिनाभर रात्री त्याच्या खोलीवर बसून. त्यात कवी त्या तरुणाला जी हाक मारतो तिथे आम्ही "गोड पोरा" लिहिलं होतं, त्या "पोरा"वर दोन रात्री गेल्या होत्या. स्टेजवर गेलो, तिसऱ्या रांगेत बाबा बसलेले दिसले, आणि माझ्या तोंडून "सखे" गेलं. मग पुढची क्रियापदंही बदलावी लागली, आपल्या भाषेत सुटका नाही ना, हसतोसचं हसतेस, येतोसचं येतेस, सगळं वाचता वाचता. टाळ्या पडल्या. एक सर म्हणाले, "फार स्वच्छ अनुवाद." मित्र काहीच बोलला नाही, माझ्या हातातली वही घेतली आणि गेला. ती वही परत आली नाही, तोही नाही.

पुढे कळलं की शेक्सपिअरच्या कवितांच्या १६४०च्या आवृत्तीत प्रकाशक जॉन बेन्सनने त्याच सुनीतातला "पोरा" काढून तिथे "प्रिये"सारखा शब्द घातला होता. इटालियन शिल्पकार मायकेलअँजेलोने तोमासो देई काव्हालिएरी या तरुणासाठी लिहिलेल्या कवितांचंही तेच, त्याच्या पुतण्याच्या मुलाने १६२३ मध्ये छापताना त्यातला पुरुष स्त्री करून टाकला. त्या दोघांवर मी तावातावाने बोलतो, माहितीये.

बार्नफिल्डच्या मनात कोण होतं हे मी छातीठोक सांगू शकत नाही, तसा दावाही नाही. पण "नुसती नक्कल" हे वाक्य मी मित्रालाही ऐकवलं होतं, दुसऱ्या दिवशी, अरे शेवटी अनुवादच आहे ना, म्हणून. तेव्हाचा मी अजून भांडतो, म्हणतो बाबा समोर होते, तू काय केलं असतंस. मी म्हणतो, वाचलं असतं. तो ऐकत नाही.