ऊसबिलापासनं वेबपर्यंत

बायोडाटात मी 'युनिक्स सिस्टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर आणि वेब प्रोग्रॅमर' असं लिहितो (युनिक्स म्हणजे सर्व्हर चालवणारी एक ऑपरेटिंग सिस्टीम) आणि पुण्या-मुंबईच्या एचआरवाल्यांचा हमखास प्रश्न येतो, म्हणजे नक्की काय, सर्व्हर बघता की कोड लिहिता? आता काय सांगायचं. तिकडं दोन कामांना दोन डिपार्टमेंट, कोल्हापुरात दोन्हीला मिळून एक माणूस आणि प्रिंटरची रिबन पण तोच बदलणार. २००९ साली बेल्जियममधल्या घेंटला पहिले डेव्हऑप्स डेज भरले आणि कोड लिहिणाऱ्यानं नि सर्व्हर सांभाळणाऱ्यानं एकत्र काम करावं ही कल्पना जगभर गाजली. आमच्याकडं ते आधीपासनंच चालू होतं, कारण दुसऱ्या माणसाचा पगार कुणाला परवडत नव्हता.

सुरुवात साखर कारखान्यात झाली. शिवाजी विद्यापीठाची बीएस्सी, राजारामपुरीत एक कॉम्प्युटर क्लास, आणि नव्वदीच्या शेवटाला ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात चिकटलो. एससीओ कंपनीच्या युनिक्सचं एकच मशीन, आणि काटा, शेतकी, अकौंट्स असं सगळीकडं सिरियल केबलनं जोडलेले डंब टर्मिनल. टर्मिनलला ना डिस्क ना अक्कल, नुसता कीबोर्ड आणि हिरवी अक्षरं, सगळा विचार ते एक मशीन करणार. तरी पंधरा-वीस माणसं एकाच वेळी आरामात काम करायची, कुणाला कुणाचा धक्का नाही. युनिक्सचा खरा मोठेपणा मला तिथं कळला, क्लासमधल्या नोट्समध्ये नाही.

पंधरवड्याचं ऊसबिल हे मोठं काम. भरलेल्या गाडीचं वजन वजा रिकामीचं, ते त्या शेतकऱ्याच्या कोडवर, मग सोसायटीची कपात, मग राहिलेले पैसे कुठल्या बँकेत. प्रोग्रॅम कोबॉल या जुन्या भाषेतला, आधीच्या लोकांनी लिहिलेला, त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण एकच पावती दोनदा एंट्री झाली की बिल चुकायचं आणि सकाळी ऑफिसच्या दारात फेटे-टोप्या उभ्या. म्हणून बिल काढायच्या आधी मी पावत्यांची टेक्स्ट फाइल काढायचो, पावती नंबरचा कॉलम कट करून सॉर्टमधनं घालायचो आणि पुढं युनिक मायनस डी, की फक्त दुबार नंबर स्क्रीनवर. कट, सॉर्ट, युनिक अशा तीन कमांड, मध्ये त्यांना जोडणाऱ्या पाइपच्या दोन उभ्या रेघा, एका ओळीत काम खल्लास. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि मंडळींनी बनवलेली ही हत्यारं, मी आजपण रोज वापरतो, मधल्या काळात शिकलेलं बाकीचं निम्मं भंगारात गेलं. मग १३२ कॉलमच्या डॉट मॅट्रिक्सवर रात्रभर करकर करकर प्रिंट, टेपवर टार कमांडनं बॅकअप, आणि मशीन बंद करायचं असलं की 'सेफ टू पॉवर ऑफ' अशी ओळ यायची वाट बघत बसायचं. लाइट गेली तर यूपीएसच्या जिवावर ती ओळ येऊस्तोवर जीव टांगणीला.

वायटूकेचं, म्हणजे २००० साल लागताना दोन आकडी वर्ष ९९ वरनं ०० होणार त्या गोंधळाचं, मात्र बाहेर वाटतं तसं नव्हतं. युनिक्स स्वतः १ जानेवारी १९७० पासनंचे सेकंद मोजतं, त्याला ९९ नंतर ०० आलं काय नि काय आलं, फरक पडत नाही. गोची आमच्या डेटात होती. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजे १९९९-२००० चा हंगाम नेमका त्या रात्रीच्या अलीकडं-पलीकडं, आणि वर्ष दोनच आकड्यांत ठेवलेलं. सॉर्ट केलं की जानेवारीचा ऊस नोव्हेंबरच्या आधी तुटलेला दिसणार! त्या तारखा चार आकड्यांच्या करायला दिवाळी गेली, पण बिल वेळेत निघालं. युनिक्सची स्वतःची अडचण पुढं आहे, जुन्या ३२ बिट मशीनवर १९ जानेवारी २०३८ ला, आपल्याकडच्या सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर तो सेकंदाचा आकडा मावणार नाही. बघा, परत भर हंगामातच.

वेबकडं वळलो ते फोनला वैतागून. 'साहेब, आमच्या गटाचा ऊस आज किती आला वो?' दर तासाला हेच. एका जुन्या पीसीवर लिनक्स (युनिक्सच्याच धर्तीची सिस्टीम) आणि अपाचे हा वेब सर्व्हर टाकला, पर्ल भाषेत छोटी सीजीआय स्क्रिप्ट, म्हणजे पान मागितलं की सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम लिहिला, काट्याची फाइल वाचायची आणि टनेज पानावर दाखवायची. दिसायला भिकार, निळ्या लिंका आणि टेबल, पण फोन निम्म्यावर आले. मग पीएचपी ही वेबची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस, मग बाहेरची कामं, आणि शेवटी नोकरी सोडून स्वतःचं. सर्व्हर आपलाच असल्यामुळं एक फायदा झाला, रात्री दोनला डिस्क भरली तर उठायचं आपल्यालाच, त्यामुळं लॉग रोटेट न करणारा, म्हणजे जुन्या नोंदींच्या फाइली वेळच्या वेळी न हटवणारा कोड आपण लिहीतच नाही. नुसतं प्रोग्रॅमिंग केलेल्या पोरांना हे पटवायला लई वेळ लागतो.

२०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे बंद, गावात लाइट नाही, तेव्हा ऑफिसात सर्व्हर ठेवणाऱ्या गिऱ्हाइकांना आपोआप क्लाउड पटला. त्यावर जास्त लिहीत नाही, सगळ्यांनी भोगलंय.

सगळ्यात आवडतं काम सांगतो. एका संस्थेची सभासद यादी आली, आधीच्या कुणीतरी बनवलेली. वार्षिक सभेच्या नोटिसांवर गावाच्या जागी छापून आलं, 'कोल्हा' आणि पुढं एक चौकटीतलं प्रश्नचिन्ह. सभासद भडकलेले, कोल्हा म्हणतोस होय रं आम्हाला! झालं असं होतं की टेबल लॅटिन-१ मध्ये, म्हणजे एका अक्षराला एकच बाइट धरणाऱ्या पद्धतीत, गावाचा कॉलम २० चा, म्हणजे २० बाइटचा, आणि वर मराठी युटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत भरलेली. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-हलन्त सगळे वेगळे मोजायचे. कोल्हापूर म्हणजे नऊ चिन्हं, २७ बाइट. विसाव्या बाइटला कुऱ्हाड पडली की सहा चिन्हं पूर्ण राहतात, ती बरोब्बर 'कोल्हा', आणि 'प'चे दोन बाइट लोंबकळत. जुनं मायएसक्यूएल एरर न देता गुपचूप कापायचं. इचलकरंजीचं 'इचलकरं' झालेलं.

डेटा लॅटिन-१ म्हणूनच बाहेर काढला, फाइलमधलं कॅरेक्टर सेटचं (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं) नाव सेड कमांडनं बदलून युटीएफ-८ एमबी-४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण युटीएफ-८) केलं, कॉलम रुंद केला, परत आत घातला. कापलेलं काही परत येत नाही, पण पिनकोड शाबूत होता, ४१६०० ने सुरू होणाऱ्यांना ऑक कमांडनं कोल्हापूर लावून दिलं. सांगली मात्र सगळीकडं धडधाकट, सहा चिन्हं, १८ बाइट, फिट्ट बसलेली. सांगलीचा एक दोस्त आहे, त्याला हे सांगून बसलोय, तेव्हापासनं फोन उचलला की पहिला प्रश्न, काय कोल्हा, बरं हाय न्हवं?