भेंडीचा वाफा : सहावा आठवडा

माळवं कसं आहे ते आधी सांगतो. भेंडी फुलावर आली, धने वर आले, मेथी मात्र पहिल्या खेपेला गेली. चूक माझीच. परभणीची काळी माती, त्यात सपाट वाफा, वर लेकरांच्या हातात झारी. दोनदा पाऊस झाला आणि रोपं बुडाशी सडून आडवी पडली. आता शेणखत अन् वाळू मिसळून उंच गादीवाफ्यावर दुसऱ्यांदा पेरली आहे. तिसऱ्या दिवशीच उगवली.

शाळेच्या या वाफ्यावर माझ्याकडं सात लेकरं आहेत. कुणाला वाचताना अक्षरं उलटी दिसतात, कुणाचं आकड्यांशी जमत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आली, तरी आमच्याकडं अशा लेकराला अजून 'आळशी'च म्हणतात. असो.

भेंडी 'परभणी क्रांती'च लावली. इथल्याच कृषी विद्यापीठाचं वाण, पानं पिवळी पाडणाऱ्या हळद्या रोगापुढं टिकावं म्हणून काढलेलं. दोन रोपांत तीस सेंटीमीटर ठेवा, असं मी पट्टी दाखवून सांगितलं. सगळे गप्प. मग म्हटलं, दोन विती. पटापट खड्डे पडले, पण प्रत्येकाची वीत वेगळी, ओळ सापासारखी. तेव्हा पाढ्याला बसलं की पोट दुखणाऱ्या एकानं तुराटी उचलली, स्वतःच्या दोन वितींएवढी मोडली अन् म्हणाला, "सर, सगळ्यांनी हीच घ्यायची." दुसरी ओळ सरळ आली. नंतर पट्टी लावून पाहिली तर तुराटी एकतीस भरली. त्याला ते सांगितलं नाही.

नावांच्या पाट्याही काढून टाकल्या. फळीवर बियाच फेविकॉलनं चिकटवल्या : भेंडीची गोल, करडी, मेथीची पिवळी, चौकोनी. आता कुणी वाफा चुकत नाही.

मी फक्त शनिवारी जातो आणि भेंडीचं फूल एका दिवसात मिटतं. म्हणून एका मुलीनं नोंद ठेवायचं काम घेतलं. लिहायला तिचा नकार. रोज सुतळीचा एक तुकडा कुंपणाला बांधते, फुलामागं एक गाठ. सोमवारचा तुकडा कोरा, मंगळवारी दोन गाठी, बुधवारी एक, शुक्रवारी चार. गुरुवारचा तुकडाच नाही. विचारलं तर म्हणाली, "सुट्टी होती ना."

फुलानंतर सहाएक दिवसांत भेंडी तोडायला येते, म्हणजे मंगळवारच्या फुलांची पहिली तोडणी येत्या सोमवारी. शनिवारची वाट पाहिली तर भेंडी निबर होणार. शाळेच्या बाईंकडून मागच्या फाटकाची चावी मागून ठेवली आहे.