घाट बघू नको, टाच बघ

वडील गेले तेव्हा पहाटे चारला फोन आला होता. त्यानंतर दोन वर्षं अवेळी फोन वाजला की माझ्या छातीत धडधडायचं, तळहात ओले व्हायचे. मी रात्री फोन बंद ठेवू लागले. मग गर्दी टाळली, प्रवास टाळला. टाळत गेले तसतशी भीती वाढतच गेली. समुपदेशक बाई म्हणाल्या, "ताण अजिबात नको म्हणाल तर मन आणखी हळवं होईल. झेपेल एवढा घ्या, विसावा घ्या, मग थोडा वाढवा." डोनाल्ड मायकेनबाम या मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात ताणाला सामोरं जाण्याची अशीच पद्धत मांडली. तिला त्याने नाव दिलं ते लसीवरून.

मला एकदम वारी आठवली, आणि मी दिंडीत चालायला निघाले.

आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. हा आकडा ऐकूनच मी हबकले होते. पण दिंडीत अडीचशेचा हिशोब कुणीच करत नाही. आजचा मुक्काम कुठे, दुपारचा विसावा कुठे, एवढंच बोलतात. पुण्यात दोन रात्री थांबल्यावर सासवडचा टप्पा येतो. तीस किलोमीटरच्या वर चाल आणि मध्ये दिवे घाट. पायथ्याशी मान वर केली तर वळणावळणावर माणसंच माणसं. माझा श्वास अडकला. मी रस्त्याच्या कडेला सरकले तशी मागच्या आजींनी दंडाला धरलं.

"घाट बघू नगंस, माउली. म्होरच्या बाईची टाच बघ."

मी टाच बघितली. भेगाळलेली, धुळीने पांढरी झालेली, चप्पल एका बाजूने झिजलेली. टाळाच्या ठेक्यावर ती उचलायची, टेकायची. धडधड थांबली नाही, पण तिच्यासकट चालता येतंय हे मला त्या चढावर पहिल्यांदा कळलं. घरी मी कायम धडधड थांबायची वाट बघत बसले होते.

सासवडला पायाला फोड आले. आजींनी सुईत दोरा ओवला, फोडातून आरपार काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. पाणी त्या दोऱ्याने हळूहळू झिरपून गेलं. कातडं सोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. दुसऱ्या दिवशी पालखीचा मुक्काम तिथेच होता. मी दिवसभर पाय वर करून पडले. सर्वांत मोठ्या चालीनंतर हा सबंध दिवस ज्यांनी ठेवला, त्यांना माणसाचं मन आणि शरीर दोन्ही उमगलेलं असणार. हा मधला दिवस काढून टाकला तर उरतो तो नुसता छळ. ताणाने माणूस कणखर होतो असं म्हणणारे नेमका तोच विसरतात, याचा मला मनापासून राग येतो. आणि धीर द्यायला बाजूला कुणी नसेल, तर छोटा टप्पाही जड जातो.

पुढे जेजुरीची चाल सासवडच्या निम्मी, मला तर ती अंगणातली वाटली. तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण झालं. त्या रेटारेटीत मी जागची हलले नाही.

नातेपुत्यात पहाटे तंबूत अंधार असताना फोन वाजला. हात थरथरला. आजींनी कूस बदलली. मी उचलला.

काका होते. विचारत होते, तिकडे पाऊस आहे का.