लाव्हा आणि आपली काळी माती
आज दिवसभर आफ्टर इफेक्ट्स या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लाव्हा करत बसलो. फ्रॅक्टल नॉइज (ढगाळ पोत देणारा इफेक्ट), त्याच्या इव्होल्यूशनला (पोत बदलत नेणाऱ्या सेटिंगला) कीफ्रेम, म्हणजे वेळेनुसार बदल ठरवणाऱ्या खुणा, वर टर्ब्युलंट डिस्प्लेस (चित्र वेडंवाकडं हलवणारा इफेक्ट). हालचाल पटकन जमते. खरा कस रंगात लागतो. ११०० अंश सेल्सिअसचा बेसॉल्ट (निवून काळा दगड होणारा) लाव्हा पिवळट-नारिंगी दिसतो, निवताना लालसर होतो आणि वर काळी साय धरतो. म्हणून ट्रायटोन या तीन रंग देणाऱ्या इफेक्टमध्ये हायलाइट्स (उजळ भाग) पिवळे, मिडटोन्स (मधले भाग) नारिंगी-लाल, शॅडोज (गडद भाग) जवळजवळ काळे ठेवले. ग्लो (चकाकी) फक्त भेगांपुरता. पहिली भेग उघडून पुन्हा मिटली तेव्हा अंगावर काटा आला!

सोलापूरकरांनो, आपलं रानही लाव्ह्याचंच बरं का. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसॉल्ट झिजून ही काळी माती झाली, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी त्यातच पिकते. पुढच्या शॉटमध्ये तेच दाखवायचंय. रेंडर (अंतिम व्हिडिओ तयार) झालं की टाकतो.